वेडा राघू पाहायला शिकताना : खानदेशातील नवख्या निरीक्षकांसाठी

पक्षिनिरीक्षणाची आवड नव्याने लागलेले बहुतेकजण पहिल्याच रविवारी हतनूरच्या जलाशयावर किंवा यावलच्या जंगलात जातात, दुरून दिसणाऱ्या बदकांचे आणि पानांआड हलणाऱ्या सावल्यांचे फोटो काढतात आणि संध्याकाळी ते नेमके कोणते पक्षी होते यावर वाद घालत घरी परततात. माझ्या मते सुरुवात याच्या अगदी उलट करावी. आपल्या गावच्या शिवारात, कपाशीच्या बांधालगतच्या विजेच्या तारेवर जो हिरवा, काडीसारख्या शेपटीचा पक्षी बसलेला असतो, त्याच्यापाशी पहिला महिना घालवावा. वेडा राघू उघड्यावर बसतो, एका जागेवरून उडून पुष्कळदा त्याच जागेवर परत येतो, खानदेशात जवळजवळ वर्षभर आढळतो आणि शिकार, जोडीदाराची मनधरणी, घरटे, पिल्ले, रातथारा (रात्री एकत्र जमून झोपणे) हे सगळे माणसाच्या वस्तीजवळच उरकतो. मात्र त्याला पाहताना एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी लागते : आपण त्याला जितके निरखतो, तितकेच तोही आपल्याला निरखत असतो. म्हणून या लेखात ओळखीइतकाच भर कुठे बसावे आणि कुठे बसू नये यावर दिला आहे.

आधी ओळख पक्की करावी

‘राघू’ हा शब्द आपल्याकडे पोपटासाठी रूढ असल्यामुळे नवख्यांचा पहिला गोंधळ नावापाशीच होतो. वेड्या राघूचा पोपटाशी रंगापलीकडे काहीही संबंध नाही. पोपट फळे आणि दाणे खातो, तर हा पूर्णपणे कीटकांवर जगतो आणि तेही प्रामुख्याने हवेत उडणाऱ्या. शास्त्रीय भाषेत त्याला ‘मेरॉप्स ओरिएंटॅलिस’ म्हणतात आणि हे नाव जॉन लॅथम या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १८०१ मध्ये दिले. ‘वेडा’ हे विशेषण त्याला का चिकटले असावे, याचा अर्थ मी असा लावतो की तारेवरून अचानक उठून हवेत गिरकी घेणारा आणि लगेच त्याच जागी येऊन बसणारा हा पक्षी, त्याने पकडलेला कीटक ज्याला दिसत नाही, त्याला वेडाच वाटणार.

आकाराने तो चिमणीपेक्षा थोडा लांब, पण अंगाने सडपातळ असतो. शरीराची लांबी १६ ते १८ सेंटिमीटर भरते, शेपटीच्या मधल्या दोन पिसांची बारीक टोके आणखी सुमारे ५ सेंटिमीटर बाहेर आलेली असतात, आणि वजन अवघे १५ ते २० ग्रॅम असते. अंग हिरवे, डोक्यावर आणि मानेवर सोनेरी-तांबूस झाक, गळ्यावर निळसर छटा, त्याखाली काळी बारीक गळपट्टी, डोळ्यावरून काजळाच्या रेघेसारखी जाणारी काळी पट्टी, लालभडक बुबुळ आणि खाली वाकलेली लांब, काळी, टोकदार चोच, एवढ्या खुणा पुरेशा आहेत. नर आणि मादी सारखेच दिसतात, त्यामुळे जोडीतला नर कोणता हे रंगावरून ठरवण्याच्या फंदात नवख्याने पडू नये. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक पक्षी दुसऱ्याला कीटक भरवताना दिसला, तर भरवणारा बहुधा नर असतो, एवढेच म्हणता येते. शेपटीची काडी नसलेला आणि गळपट्टी नसलेला फिकट पक्षी पावसाळ्याच्या तोंडाशी दिसला, तर ते नवीन पिल्लू समजावे.

त्याच तारेवर काळा कोतवाल, निळे पंख झळकवणारा चास आणि भिंगऱ्यांचा थवाही बसलेला असू शकतो. दुरून आणि उन्हाकडे तोंड करून पाहताना सगळेच काळे दिसतात, म्हणून सकाळी पूर्वेला पाठ करून उभे राहावे. आवाज एकदा ओळखीचा झाला की काम सोपे होते : उडताना काढलेली ‘ट्री-ट्री-ट्री’ अशी मऊ, थरथरती शीळ पुष्कळदा पक्षी दिसण्याआधीच कानावर येते.

साहित्य थोडेच न्यावे

आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण, शंभर पानांची वही, पेन्सिल, पाण्याची बाटली आणि डोक्याला उपरणे किंवा टोपी, एवढे पुरते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि पक्षी पाहायला गेलेल्या माणसाला ऊन लागल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे, म्हणून पाण्याला दुर्बिणीपेक्षा अधिक महत्त्व द्यावे. कपडे मातकट किंवा मळकट हिरव्या रंगाचे असावेत. कॅमेरा पहिल्या महिन्यात घरीच ठेवावा असा माझा आग्रह आहे, कारण कॅमेरा हातात असला की माणूस पक्ष्याच्या जवळ सरकत राहतो आणि पाहायचे विसरतो.

दुसऱ्याच्या शेतात पाय ठेवण्यापूर्वी विचारावे, हे सांगायला नको; पण दुर्बीण घेऊन बांधावर बसलेला अनोळखी माणूस पाहून गावात शंका येणे स्वाभाविक असते. शेतात असलेल्या आबांना किंवा नानांना रामराम घालून आपण काय पाहतो ते दाखवावे आणि दुर्बीण त्यांच्याही डोळ्याला लावू द्यावी. याच ओघात गावात या पक्ष्याला काय म्हणतात तेही विचारून वहीत लिहावे. पुढे घरट्याची जागा पहिल्यांदा कळते ती बहुधा अशाच माणसाकडून किंवा गुराख्याकडून.

जागा आणि वेळ

वेड्या राघूला उघडी जमीन, बसायला निष्पर्ण फांदी किंवा तार आणि वर उडणारे कीटक, या तीन गोष्टी लागतात. त्यामुळे रावेर-यावलकडच्या केळीच्या दाट बागेच्या आत तो फारसा सापडणार नाही, पण त्याच बागेच्या कडेच्या तारेवर किंवा कुंपणाच्या बाभळीवर हमखास असेल. कपाशी, तूर, सूर्यफूल फुलावर असताना, वखरणी चालू असताना, किंवा गुरे चरत असताना गवतातून कीटक उठत असतात आणि अशा ठिकाणी त्याची ये-जा वाढते. गिरणा, पांझरा, बोरी, अनेर या नद्यांचे काठ आणि त्यांना मिळणारे नाले तर त्याचे हक्काचे ठिकाण आहे. त्याचे कारण घरट्याच्या संदर्भात पुढे येईल.

इतर पक्ष्यांसाठी पहाटे उठावे लागते, या पक्ष्यासाठी तितकी घाई नको. हिवाळ्यात धुळ्याकडे पहाटेचा गारठा बोचरा असतो, आणि सूर्य उगवून बराच वेळ झाला तरी हे पक्षी एकाच फांदीवर किंवा तारेवर एकमेकांना खेटून, पिसे फुगवून, चोच पाठीत खुपसून बसलेले असतात. कीटक उडू लागण्यापूर्वी उठून उपयोग तरी काय! ऊन चढले की ओळ हळूहळू विस्कटते. हे विस्कटणे पाहण्यासारखे असते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत साडेसातच्या सुमारास पोहोचावे आणि पहिला पक्षी किती वाजता उडाला ते लिहावे. उन्हाळ्यात मात्र सकाळी दहाच्या आत परतावे. दुपारी पक्षीही चोच उघडी टाकून सावलीत बसलेले असतात. गाडवाटेच्या फुफाट्यात अंग घुसळून धूळस्नान करण्याची त्यांना विशेष आवड आहे, आणि पाण्यावरून उडता उडता डुबकी मारून अंघोळ करतानाही ते दिसतात.

शिकार नीट पाहावी

पहिल्या आठवड्याचा अभ्यास म्हणून एकच पक्षी आणि एकच तार निवडावी, तिच्यापासून तीस-चाळीस पावलांवर झाडाला टेकून बसावे आणि अर्धा तास फक्त मोजत राहावे : तो किती वेळा उडाला, किती वेळा चोचीत काही घेऊन परतला, किती वेळा रिकामा आला, आणि त्याच जागी बसला की दुसरीकडे. सुरुवातीला काहीच दिसत नाही असे वाटते. मग लक्षात येते की उडण्यापूर्वी तो डोके झटकन तिरपे करतो, नजर एखाद्या ठिपक्यामागे फिरवतो आणि मगच झेपावतो. आजूबाजूला शांतता असेल, तर कीटक पकडताना चोच मिटल्याचा बारीक ‘टक्’ आवाजसुद्धा ऐकू येतो.

परतल्यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. चतुर, फुलपाखरू किंवा पतंग पकडला असेल, तर तो त्याला फांदीवर डावी-उजवीकडे आपटतो, पंख गळून पडू देतो आणि गिळतो. मधमाशी किंवा गांधीलमाशी असेल, तर आपटण्याच्या जोडीला आणखी एक क्रिया होते : तो चोचीत माशीची पकड बदलतो आणि तिचे शेपटीकडचे टोक फांदीवर घासतो, त्यामुळे नांगी आणि विष बाहेर निघून जाते. आपटणे आणि घासणे यांतला फरक ओळखता येऊ लागला, की कीटक स्वतः न दिसताही तो डंख मारणारा होता की नव्हता हे सांगता येते. तारेवर हे काम नीट होत नाही असे वाटून की काय, मी पाहिलेले काही पक्षी मोठी शिकार घेऊन मुद्दाम जवळच्या जाड फांदीवर जात असत.

त्याच्या आवडत्या बैठकीखाली जमिनीवर पाहिले, तर चतुरांचे पंख आणि मधूनमधून काळसर, चुरचुरीत गोळ्या सापडतात. कीटकांचे न पचणारे कठीण भाग तो अशा गोळ्यांच्या रूपाने तोंडावाटे बाहेर टाकतो. गोळी कागदावर कुस्करून साध्या भिंगाखाली पाहिली तर भुंग्यांची चकाकती कवचे आणि माश्यांचे पाय वेगळे करता येतात. पक्ष्याला अजिबात त्रास न देता त्याचा आहार समजण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

मधाच्या पेट्या ठेवणाऱ्यांची या पक्ष्याविषयी तक्रार असते आणि ती खोटी नाही. पेट्यांजवळ सोयीची तार असेल तर तो तिथे येऊन बसतो. परंतु त्याच्या आहारात माश्यांच्या जोडीला भुंगे, ढेकूण वर्गातले किडे, पतंग, पंख फुटलेल्या मुंग्या आणि पहिल्या पावसानंतर उठणारी वाळवीही असते. त्यामुळे त्याला ‘शेतकऱ्याचा शत्रू’ किंवा ‘शेतकऱ्याचा मित्र’ अशी पाटी लावण्यापेक्षा आपल्या शिवारात तो नेमके काय खातो ते पाहून लिहावे. पेट्यांचा प्रश्न असेल तर तारांपासून दूर, झाडांच्या आडोशाला पेट्या हलवून पाहणे हा पहिला उपाय आहे.

घरट्यापाशी : सर्वांत अवघड पायरी

मार्च ते जून हा या पक्ष्याचा विणीचा हंगाम. तो झाडावर घरटे बांधत नाही, जमिनीत बोगदा खणतो. चोचीने माती सैल करायची आणि दुबळ्या दिसणाऱ्या पायांनी ती मागे उडवायची, असे काम नर आणि मादी दोघेही करतात. बोगदा दीड मीटरपर्यंत लांब जाऊ शकतो आणि त्याच्या शेवटी रुंद पोकळी असते, जिच्यात काडी, पीस, गवत असे काहीही अंथरलेले नसते. तिथे ३ ते ५, पांढरी शुभ्र, चकचकीत आणि जवळजवळ गोल अंडी असतात. अंधारात असलेल्या अंड्यांना लपवणाऱ्या रंगाची गरज पडत नाही. दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात, सुमारे दोन आठवड्यांनी पिल्ले निघतात आणि पुढे तीन-चार आठवड्यांनी बाहेर पडतात. सगळी पिल्ले एकाच दिवशी निघत नसल्याने त्यांच्यात लहान-मोठे असते.

आता माती. आपली काळी कपाशीची जमीन पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीत दीड मीटर बोगदा टिकणे कठीण. तापी आणि तिच्या उपनद्यांनी आणून टाकलेल्या पिवळसर गाळाच्या दरडी मात्र खणायला सोप्या आणि उभ्या राहायला मजबूत असतात. म्हणून शोध नदीच्या आणि नाल्याच्या कापलेल्या काठांपासून सुरू करावा, मग रस्त्यासाठी कापलेला मुरमाचा उतार, विहिरीतून काढलेल्या मातीचा जुना ढीग आणि शेवटी गाडवाटेची कड पाहावी. अगदी सपाट किंवा किंचित उतरत्या जमिनीतही बोगदा सापडतो, आणि तिथेच तो गुरांच्या खुराखाली येतो. खंड्याही अशाच दरडीत खणतो, पण त्याचे भोक बरेच मोठे असते.

वापरातले घरटे दुरूनच ओळखता येते. मोठे लिंबू आत जाईल एवढे भोक, त्याच्या तोंडाशी ताज्या, मोकळ्या मातीचा पसारा आणि तळाला पक्ष्याच्या पायांनी पडलेल्या दोन समांतर चऱ्या दिसल्या, तर ये-जा चालू आहे. भोकावर कोळ्याचे जाळे किंवा आत वाळलेला पाला असेल, तर ते सोडून दिलेले समजावे. आत काठी घालून, हात घालून किंवा मोबाइलचा दिवा पाडून पाहू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे यांचा समावेश आहे.

इथे माझीच एक चूक सांगतो. बोरी नदीच्या काठी पहिले घरटे सापडले तेव्हा मी उत्साहाने भोकाच्या अगदी समोर, वीसेक पावलांवर, काटक्यांच्या आडोशाला जाऊन बसलो. चोचीत चतुर घेऊन आलेला पक्षी समोरच्या बाभळीवर बसला, मान फिरवत राहिला, पंधरा मिनिटे ‘ट्री-ट्री’ करत राहिला आणि अखेर चतुर स्वतःच गिळून उडून गेला. मला वाटले, त्याचे घरटे दुसरीकडे असेल. वस्तुस्थिती अशी होती की मी तिथे बसून असेपर्यंत त्याची पिल्ले उपाशी होती.

असे का घडते, हे पुढे वाचनात आले. जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जातीवर प्रयोग करून २००२ मध्ये ‘ॲनिमल कॉग्निशन’ या शास्त्रीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. घरट्यापासून सारख्याच अंतरावर माणूस दोन वेगवेगळ्या जागी उभा केला : एका जागेवरून त्याला भोक दिसत होते, दुसऱ्या जागेवरून मध्ये काहीतरी आड आल्यामुळे दिसत नव्हते. माणूस पक्ष्याला दोन्ही वेळा दिसत होता. तरीही माणसाला भोक दिसत असेल तर पक्षी आत जाण्याचे टाळत होते आणि दिसत नसेल तर अधिक सहजपणे आत जात होते. म्हणजे आपण किती दूर आहोत याखेरीज आपल्याला काय दिसू शकते, याचाही अंदाज हा ‘वेडा’ पक्षी घेतो. यापुढे त्याचे नाव घेताना मला थोडे ओशाळल्यासारखे होते.

यातून निघणारा नियम सोपा आहे. भोकाच्या समोर बसू नये. दरडीच्या वरच्या किंवा बाजूच्या अंगाला, भोक आपल्याला दिसणार नाही पण पक्ष्याची बैठक मात्र दिसेल, अशी जागा धरावी. बैठकीवरून चोचीत कीटक घेऊन उडालेला पक्षी काही सेकंदांत रिकाम्या चोचीने परतला, की घास पोहोचला असे लिहावे. पक्षी चोचीत शिकार धरून दहा मिनिटांच्या वर ताटकळला किंवा त्याने ती गिळली, तर चूक आपली आहे असे समजून दुप्पट अंतरावर जावे, आणि तरीही तो आत जात नसेल तर त्या दिवशी परतावे. एका घरट्यापाशी एका वेळी दोनच माणसे, अर्ध्या तासापेक्षा अधिक नाही आणि दुपारच्या उन्हात मुळीच नाही, हे पथ्य पाळावे. कधी कधी एकाच बोगद्यात तीन मोठे पक्षी घास नेताना दिसतात. मोजणी चुकली असे समजू नये, जोडीला मदतनीस असण्याचे प्रकार या जातीत आढळतात.

घरट्याला खूण म्हणून दगड रचू नये, काठी रोवू नये आणि जागेचा नकाशा समाजमाध्यमांवर टाकू नये. घोरपड, मुंगूस आणि साप हे वाट शोधतच असतात, आणि आपण रोज त्याच वाटेने जाऊन त्यांचे काम सोपे करतो. खरा धोका मात्र वेगळाच आहे. एप्रिल-मेमध्ये, म्हणजे ऐन विणीत, शिवारात जेसीबी फिरू लागतात, नाले खोल केले जातात, बांध कोरले जातात आणि नदीतून वाळू-माती उचलली जाते. दरडीतले सहा बोगदे एका सकाळीत नाहीसे होतात आणि यंत्र चालवणाऱ्याला ते कळतही नाही. अशा वेळी शेतमालकाला किंवा काम पाहणाऱ्या भाऊला शांतपणे जागा दाखवावी आणि तेवढा दहा-पंधरा फुटांचा तुकडा जूनअखेरपर्यंत ठेवता येईल का, असे विचारावे. सगळेच ऐकतात असे नाही, पण अनेकदा माणसे ऐकतात, कारण तिथे काही आहे हेच त्यांना आधी ठाऊक नसते.

रातथारा

वीण संपली की हे पक्षी संध्याकाळी एकत्र जमू लागतात आणि एखाद्या दाट निंबावर, बाभळीवर किंवा चिंचेवर दोनशे-तीनशेच्या संख्येने रात्र काढतात. सूर्यास्तापूर्वी अर्धा तास तिथे पोहोचावे. पक्षी चारी दिशांनी येतात, बसतात, एकदम सगळे उठतात, आरडाओरडा करत घिरट्या घालतात आणि पुन्हा शिरतात, त्यामुळे झाडावर मोजणी करणे व्यर्थ असते. येणारे थवे उघड्या आकाशात, दहा-दहाच्या गटाने मोजावेत. झाडाखाली विजेरी लावून जाऊ नये.

दुसरा राघू दिसला तर

पावसाळा सरत असताना पाणथळ जागेजवळ मोठ्या चणीचा, तांबूस गळ्याचा राघू दिसला तर थांबून पाहावे. शेपटी आणि कंबर निळी असेल तर तो निळ्या शेपटीचा राघू. शेपटी हिरवी आणि गालावर फिकट निळी झाक असेल तर निळ्या गालाचा. दोघेही वेड्या राघूपेक्षा उंचावरून आणि लांबवर उडत शिकार करतात. निळ्या दाढीचा राघू हा दाट जंगलातला, मोठा आणि सुस्त पक्षी आहे. शेताच्या तारेवर त्याची अपेक्षा करू नये.

वहीत काय लिहावे

तारीख, वेळ, गाव, हवामान, पिकाची अवस्था, पक्ष्यांची संख्या आणि केलेली कृती, या क्रमाने त्याच जागी, त्याच वेळी लिहावे. घरी जाऊन आठवून लिहू नये. ‘मधमाशी खाल्ली’ असे न लिहिता ‘काळा कीटक, फांदीवर घासला, मग गिळला’ असे लिहावे, कारण पहिले वाक्य हा आपला तर्क आहे आणि दुसरे आपले पाहणे. संख्या ई-बर्डसारख्या संकेतस्थळावर नोंदवता येते, पण विणीच्या काळात घरट्याची नेमकी जागा न देता गावापुरती नोंद ठेवावी.

जूनच्या शेवटी दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर त्याच दरडीपाशी पुन्हा जावे. बोगद्यांची तोंडे बहुधा ढासळलेली असतील. जवळच्या तारेवर काडीविना शेपटीची, गळपट्टी नसलेली पिल्ले ओळीने बसलेली असतील आणि आई-बाप अजूनही त्यांना मधूनमधून भरवत असतील. ती मोजावीत, त्यातल्या किती जणांनी स्वतः झेप घेऊन कीटक पकडायचा प्रयत्न केला आणि किती वेळा तो हुकला, ते लिहावे. मागच्या वर्षी माझ्या वहीत अशा एका सकाळी एकोणीस झेपांपुढे चार कीटक अशी नोंद आहे.